टॅरंटुला हातावर घ्यावा का?

टॅरंटुला या नावाने ओळखले जाणारे मोठे, केसाळ कोळी काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. पाळलेला कोळी उघड्या तळहातावर घ्यावा की नाही, हा प्रश्न या छंदात वारंवार वादाचा ठरतो. पेटी साफ करताना किंवा दुसऱ्या पेटीत हलवताना कोळ्याच्या जवळ हात न्यावाच लागतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते; वाद आहे तो कोणतेही काम नसताना, केवळ सहवासासाठी, कौतुकासाठी किंवा छायाचित्रासाठी त्याला हातावर चालू देण्याचा. हौशी पाळणाऱ्यांपैकी काहींच्या मते अशा स्पर्शाने कोळी माणसाळतो, तर अनेक अनुभवी पाळणाऱ्यांच्या मते त्यातून कोळ्याच्या पदरी धोक्याशिवाय काहीच पडत नाही. या प्रकरणात दुसऱ्या मताची बाजू घेतली आहे, आणि त्यामागची कारणे कोळ्याच्या शरीररचनेत व ज्ञानेंद्रियांत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

टॅरंटुलांचे थेराफोसिडी हे कुल एक हजाराहून अधिक जातींचे आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील थेराफोसा ब्लाँडी या कोळ्याच्या पायांचा पसारा तीस सेंटिमीटरच्या जवळ जातो, आणि दुसऱ्या टोकाला अंगठ्याच्या नखावर मावतील इतक्या लहान जातीही या कुलात आहेत. पाळणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची विभागणी मात्र भूगोलाची आहे. उत्तर व दक्षिण अमेरिकेतील बहुतेक जातींच्या उदरावर शत्रूला बेजार करणारे खाजरे केस असतात आणि त्या सहसा चावण्याच्या वाटेला जात नाहीत, तर आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील जातींपाशी असे केस नसल्यामुळे वेग आणि दंश हीच त्यांची संरक्षणाची साधने आहेत. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांचा ब्रॅकीपेल्मा हॅमोराय आणि चिलीतील गुलाबी झाक असलेले ग्रामोस्टोला प्रजातीचे कोळी हे पाळण्यासाठी सर्वाधिक पसंत केले गेलेले टॅरंटुला पहिल्या गटातले, संथ आणि सोशिक. तळहातावरच्या कोळ्याची जी चित्रे सर्वत्र दिसतात ती बहुतांशी यांचीच असतात, आणि त्यांच्या सोशिकपणावरून बेतलेली समजूत पुढे सरसकट सगळ्या टॅरंटुलांना लावली जाते, इथेच पहिली गफलत होते.

माणसाळण्याची कल्पना कोळ्याला कितपत लागू पडते, हे ठरवण्यासाठी त्याला जग कसे जाणवते ते पाहावे लागते. टॅरंटुलाला आठ डोळे असले तरी ते शिरोवक्षावर, म्हणजे डोके आणि छाती एकत्र होऊन झालेल्या शरीराच्या पुढच्या भागावर, एका लहानशा उंचवट्यावर दाटीने बसलेले असतात आणि उजेड-अंधार व जवळची हालचाल यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. खरे काम करतात ते पाय. पायांवरचे काही अतिशय बारीक केस खोबणीत सैलसर उभे असतात आणि हवेच्या हलक्या झुळकीनेही झुकतात; सांध्यांजवळच्या कवचात सूक्ष्म भेगांसारखी ज्ञानेंद्रिये असतात, जी जमिनीतून आलेली कंपने टिपतात; आणि पायांच्या टोकाकडील काही पोकळ केस स्पर्शातूनच पदार्थाची चव घेतात. अशा प्राण्यासाठी तळहात म्हणजे एक उबदार पृष्ठभाग, ज्यावर घामाचे क्षार आहेत, ज्याच्या आत नाडीचे ठोके पडत आहेत आणि ज्यावर वरून श्वासाचे झोत येत आहेत. निसर्गात ऊब, श्वास आणि एवढा मोठा आकार एकत्र येतात तेव्हा समोर बहुधा एखादा सस्तन भक्षकच असतो.

टॅरंटुला हा एकलकोंडा प्राणी आहे. मादी अंड्यांच्या कोशाची राखण करते, काही जातींत पिल्ले काही काळ एकत्र राहतात, पण बहुतेक जातींत मोठे झालेले दोन कोळी समोरासमोर आले की ते एक तर मीलनासाठी किंवा एकाने दुसऱ्याला खाण्यासाठी. कुत्रा किंवा घोडा माणसाला आपल्या कळपात सामावून घेऊ शकतो, कारण कळप ही गोष्ट त्याच्या स्वभावात मुळातच आहे. शिवाय हजारो वर्षे माणसाने त्यांच्यातले शांत प्राणी निवडून त्यांची वीण पुढे नेली आहे. कोळ्याच्या बाबतीत यातले काहीच घडलेले नाही. वारंवार होणाऱ्या आणि अपाय न करणाऱ्या स्पर्शाला प्रतिसाद देणे तो हळूहळू कमी करतो, हे शक्य आहे. कारण निरर्थक चेतनेकडे दुर्लक्ष करण्याची क्षमता अगदी साध्या मज्जासंस्थेच्या प्राण्यांतही आढळते. परंतु प्रतिसाद कमी होणे म्हणजे आवड निर्माण होणे नव्हे. हातावर निश्चल बसलेला टॅरंटुला समाधानी आहे असे मानले जाते, तेव्हा संकटात स्तब्ध राहणे हाही याच प्राण्याच्या संरक्षणाचा एक प्रकार आहे, हे विसरले जाते. पाय शरीराजवळ ओढून, गुडघे वर काढून बसलेला कोळी विसावलेला नसून आक्रसलेला असतो. दोन्ही स्थितींतला फरक रोज निरीक्षण करणाऱ्याला कळतो, पाहुण्याला कळत नाही.

या वादात सर्वांत वजनदार मुद्दा मात्र मनोवृत्तीचा नसून पडण्याचा आहे. कोळ्याचे शिरोवक्ष कठीण कवचाने झाकलेले असले तरी त्यामागचे उदर एका पातळ, ताणल्या जाणाऱ्या आवरणाचे असते, कारण भरपेट खाल्ल्यावर किंवा अंडी तयार होताना ते फुगावे लागते. या आवरणाच्या लगत खाली, पाठीच्या मध्यरेषेवर, नळीसारखे लांबट हृदय असते. श्वसनाचे पुस्तकाच्या पानांसारखे रचलेले अवयव आणि रेशीम तयार करणाऱ्या ग्रंथीही याच उदरात असतात. जमिनीवर राहणाऱ्या, जड अंगाच्या जातीचा कोळी छातीच्या उंचीवरून फरशीवर पडला, तर हे उदर फाटू शकते आणि त्यातून बाहेर येणारे रक्तद्रव थांबवणे सहसा कुणाच्या हातात राहत नाही.

रक्तद्रव गमावण्याचा कोळ्याच्या बाबतीत आणखी एक अर्थ असतो. कोळ्यांच्या पायातील दोन मुख्य सांधे वाकवायला स्नायू असतात, पण ते सरळ करायला स्नायूच नसतात. ते काम शिरोवक्षातून पायांत दाबाने ढकलल्या जाणाऱ्या रक्तद्रवाने होते. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले दिसतात ते याच कारणाने: दाब संपतो आणि वाकवणारे स्नायू तेवढे उरतात. म्हणून जखम मोठी नसली, तरी पुरेसे द्रव वाहून गेल्यास कोळी पाय उचलू शकत नाही, पाण्यापर्यंत पोहोचू शकत नाही आणि एक-दोन दिवसांत आक्रसून मरतो. झाडावर राहणाऱ्या सडपातळ जाती पडणे अधिक सहन करतात, कारण त्यांचे वजन कमी असते आणि पायांच्या तळव्यांवर घट्ट चिकटणारे केस दाट असतात. परंतु त्या जाती तितक्याच चपळ असल्यामुळे हातावरून निसटण्याचा संभवही त्यांच्याच बाबतीत अधिक.

पाळणाऱ्यांत एक जुना, उपयुक्त संकेत आहे की जमिनीवरच्या जातीची पेटी उंच नसावी; मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नये, म्हणजे काचेवर चढलेला कोळी घसरला तरी त्याला इजा होणार नाही. पेटीच्या बाबतीत ही काळजी घेणारा माणूस त्याच कोळ्याला हातात धरून उभा राहतो, तेव्हा त्याने स्वतःचाच नियम कित्येक पटींनी मोडलेला असतो. कोळी शांत आहे, तो उडी मारणार नाही, असे त्यावर सांगितले जाते. परंतु भरवशाची बाब येथे कोळ्याची नसून माणसाच्या हाताची आहे. केसांची टोचणी, पायांच्या टोकांवरच्या नख्यांचा स्पर्श किंवा अचानक घेतलेली धाव जाणवताच हात झटकला जातो, आणि ही क्रिया विचार करण्याआधीच घडून गेलेली असते.

खाजऱ्या केसांकडे पाळणारे बहुधा दुय्यम त्रास म्हणून पाहतात, पण ते तसे हलके घेण्याजोगे नाहीत. अमेरिकेतील कोळी डिवचला गेला की मागचा पाय उदरावर झपाझप घासतो आणि हवेत केसांचा एक जवळजवळ अदृश्य लोट सोडतो. प्रत्येक केसाला सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे तो त्वचेत शिरला की पुढेच सरकत जातो, आणि काही प्रकारचे केस माणसाच्या त्वचेत दोन मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतात. खाजकुइलीच्या शेंगेला हात लागलेल्या माणसाला या त्रासाची कल्पना सहज येईल. वारंवार संपर्क आल्याने काहींची त्वचा अधिकाधिक संवेदनशील होत जाते. डोळ्याच्या बाबतीत प्रकरण अधिक गंभीर होते. २००९ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील रुग्णालयात आलेल्या एका रुग्णाचा डोळा तीन आठवडे लाल, पाणावलेला आणि उजेड सहन न होणारा असा होता, आणि प्रतिजैविकांनी त्यात फरक पडला नव्हता. अधिक शक्तिशाली भिंगातून पाहिल्यावर त्याच्या पारपटलात केसांसारखे सूक्ष्म कण रुतलेले दिसले, आणि मग त्याला आठवले की पाळलेल्या चिलीयन टॅरंटुलाची पेटी साफ करताना कोळ्याने त्याच्या तोंडावर केसांचा लोट सोडला होता. केस इतके बारीक होते की अत्यंत लहान चिमट्यानेही ते काढता आले नाहीत आणि स्टेरॉइडच्या थेंबांवर भिस्त ठेवावी लागली. ही घटना पेटी साफ करतानाची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चेहऱ्यासमोर धरलेल्या हातावरचा कोळी डोळ्याच्या त्याहून जवळ असतो.

हे केस कोळ्यालाही फुकट मिळत नाहीत. एकदा झडलेले केस पुढची कात टाकेपर्यंत परत येत नाहीत, आणि मोठी मादी वर्षातून एकदाच किंवा त्याहूनही क्वचित कात टाकते. उदराच्या मागच्या भागावर पडलेला उघडा, फिकट तुकडा म्हणूनच पाळणाऱ्याने लक्षपूर्वक पाहावा, कारण कोळ्याला किती वेळा डिवचले गेले याची ती नोंद असते आणि ती खोटी बोलत नाही.

दंशाबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. टॅरंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, आणि अमेरिकेतील बहुतेक जातींचा दंश वेदना व सूज यापुढे जात नाही. मात्र मोठ्या कोळ्याचे विषदात सेंटिमीटरहून लांब असू शकतात, त्यामुळे विष सोडले नाही तरी खोल जखम आणि संसर्गाची शक्यता राहतेच. भारत आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या पोएसिलोथेरिया या प्रजातीचे चित्र वेगळे आहे. (येथे प्रजाती म्हणजे एकमेकींच्या निकटच्या जातींचा गट.) २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी एका दंशाच्या निमित्ताने आधीच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा तीव्र वेदनेबरोबर स्नायूंना येणारे जोरदार पेटके हे या दंशाचे मुख्य लक्षण म्हणून पुढे आले, आणि हे पेटके अनेकदा कित्येक तासांनी, म्हणजे धोका टळला असे वाटू लागल्यावर, सुरू होतात असेही दिसले. या कोळ्यांना आतापर्यंत कमी लेखले गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑस्ट्रेलियातील २००३ च्या एका अभ्यासात तिथल्या टॅरंटुलांनी माणसांना केलेले नऊ दंश सौम्य ठरले, पण कुत्र्यांना झालेल्या सातही दंशांत कुत्रे मेले, काही तर अर्ध्या ते दोन तासांत. हातातून निसटलेला कोळी घरातल्या कोणाच्या वाटेला जाईल हे सांगता येत नाही, म्हणून ही आकडेवारी पाळणाऱ्याने नजरेआड करू नये.

हाताळण्याच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले काही गंभीरपणे घ्यावे असे आहे. कोळ्याची पराकोटीची भीती हा खरा आजार असू शकतो, आणि स्पर्श हा त्यावरच्या उपचाराचा भाग होऊ शकतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा रुग्णांना दोन-तीन तासांच्या एकाच सत्रात जिवंत चिलीयन टॅरंटुलाच्या टप्प्याटप्प्याने जवळ नेले गेले. आधी कुंचल्याने, मग हातमोजा घालून आणि शेवटी उघड्या हाताने त्यांनी कोळ्याला स्पर्श केला, आणि सहा महिन्यांनंतरही त्यांची भीती परतली नव्हती. अशा प्रसंगी कोळ्याला पडणारा ताण माणसाच्या मोठ्या दुःखापुढे स्वीकारता येतो, असे म्हणणे योग्य आहे. परंतु तिथे जाणकार उपस्थित असतो, जात निवडून घेतलेली असते आणि हेतू स्पष्ट असतो. याच दाखल्यावर दिवाणखान्यात पाहुण्यांच्या हातावर कोळी फिरवण्याचे समर्थन करता येत नाही. शाळांतील आणि प्राणिसंग्रहालयांतील प्रात्यक्षिकांबद्दलही असेच म्हणता येईल: पारदर्शक डब्यात ठेवलेल्या कोळ्याचे विषदात, चवीचे पाय आणि रेशीम सोडणारे अवयव मुलांना खालच्या बाजूने स्पष्ट दिसतात, जे हातावरच्या कोळ्याचे कधीच दिसत नाहीत.

तपासणीसाठी कोळी हातात घ्यावा लागतो, हा युक्तिवादही टिकत नाही. कोळ्यावर उलटा पारदर्शक डबा ठेवून खालून ताठ कागद सरकवला, किंवा डबा आडवा धरून मागून मऊ कुंचल्याने हलकेच टोचले, की कोळी स्वतःहून आत जातो. मग पोटाकडची जखम, तोंडाजवळचे गोचीडवर्गीय सूक्ष्म जीव किंवा अडकलेली कात बाहेरूनच पाहता येते. कात टाकण्याच्या काळात तर कुंचलाही दूर ठेवावा लागतो. त्याआधी काही आठवडे कोळी अन्न नाकारतो, त्याचा रंग मळतो आणि उदरावरचा उघडा भाग काळपट होतो. मग तो रेशमाच्या अंथरुणावर पाठीवर पडून कवचातून एकेक पाय सोडवून घेतो. नवे कवच ओलसर आणि मऊ असते, विषदात आधी पांढरे, मग तांबडे आणि अखेर काळे होतात, आणि मोठ्या कोळ्यात याला एक-दोन आठवडे लागू शकतात. त्या दिवसांतला साधा धक्काही पाय वाकडा करून जातो.

हात बाजूला ठेवला की पाहण्यासारखे बरेच उरते. बिळाच्या तोंडाशी पसरलेल्या रेशमाच्या धाग्यांवर पुढच्या पायांची टोके टेकवून तासन्‌तास थांबलेला कोळी, झुरळाच्या पावलाची दिशा ओळखून क्षणार्धात वळतो. वयात आलेला नर मादीच्या दाराशी तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांनी जमिनीवर ठेका धरतो आणि आतून उत्तर येण्याची वाट पाहतो. काही मोठ्या जाती अवयवांवरचे राठ केस एकमेकांवर घासून फुत्कारासारखा आवाज काढतात. अनेक जातींच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात. इतक्या दीर्घ सहवासात प्राण्याची ओळख होते ती या गोष्टींतून, आणि यातली कोणतीही गोष्ट तळहातावर घडत नाही, कारण तिथे कोळ्याला बीळ नाही, रेशीम नाही आणि सुटकेशिवाय दुसरे काम नाही.

महाराष्ट्रात हा विषय वेगळ्या रूपात समोर येतो. पश्चिम घाटातील झाडांच्या ढोलीत राहणारा पोएसिलोथेरिया रेगॅलिस आणि आंध्र प्रदेशातील नल्लमला टेकड्यांच्या परिसरातला, निळ्या रंगाचा पोएसिलोथेरिया मेटॅलिका या दोन्हींचे वर्णन रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये केले. त्यातल्या निळ्या कोळ्याचे वर्णन मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. आज हाच निळा कोळी जगभरच्या हौशी पाळणाऱ्यांच्या पेट्यांत आहे आणि मूळ जंगलात मात्र अतिसंकटग्रस्त ठरला आहे. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात ही संपूर्ण प्रजाती २०१९ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात घातली गेली, आणि वन्य जीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्सच्या परिशिष्टांतील प्राणी भारतातही कायद्याच्या कक्षेत आले. असा जिवंत प्राणी जवळ असल्यास त्याची नोंद करणे बंधनकारक झाले.

आपल्याकडे टॅरंटुला भेटतो तो पाळीव म्हणून नव्हे, तर पावसाळ्यात घाटातल्या घराच्या भिंतीवर, शेतातल्या लाकडाच्या ढिगाऱ्यात किंवा जंगलवाटेच्या कडेला. मोबाइलच्या चित्रासाठी त्याला काडीने डिवचणे किंवा हातावर घेणे हा प्रकार दिसतो, आणि पोएसिलोथेरियाच्या वेगामुळे व दंशामुळे तो पेटीतला सोशिक कोळी हाताळण्यापेक्षा कितीतरी अविचाराचा आहे. पुढचे पाय उंचावून त्यांच्या खालच्या बाजूचे पिवळे पट्टे दाखवणारा रेगॅलिस चित्रासाठी उभा राहिलेला नसतो. तो दंशाआधीची सूचना देत असतो. घरात आलेल्या कोळ्यासाठी मोठ्या तोंडाची बरणी आणि जाड पुठ्ठा पुरतो. बरणी सावकाश त्याच्यावर ठेवावी, पुठ्ठा खालून सरकवावा, आणि जवळच्याच एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी बरणी आडवी ठेवून मागे सरावे.